बिनवासाचा केवडा

होडीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर दोन गाठोडी होती. एकात लुगडी, दुसऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं केवड्याचं पिल्लू. स्वातंत्र्य येऊन वर्ष झालं होतं आणि माझं लग्न होऊन जेमतेम महिना. हे रेल्वेत, गोंदियाला; म्हणजे माझ्या लेखी जगाच्या टोकाला. आई धक्क्यावरून ओरडली, "काटे आहेत गो, अंगाला लावून नेऊ नको!"

दादा, ते पिल्लू तू खणून दिलंस. मी विचारलं, "बांधावरचंच ना?" तू म्हणालास, "तर! तुला दुसरं देईन होय?"

आपल्याकडे केवड्याची दोन बनं. खाडीच्या बांधावरच्याला कणसं येत, गौरीच्या दिवसांत अख्खी वाडी घमघमे. गोठ्यामागच्याला नुसती अननसासारखी फळं, वास नावाला नाही. वासाचा केवडा हवा तर वासाच्याच बुंध्याचं पिल्लू लावायचं, हे आपलं शेंबडं पोरही जाणतं.

गोंदियाला चाळीमागच्या विहिरीपाशी लावलं. खाडीची सवय असेल म्हणून मी येडीनं पाण्यात मीठ घातलं. पानं पिवळी पडली, तशी घाबरून मीठ सोडलं आणि तांदळाचं धुवण घालू लागले. शेजारच्या सगुणाबाई, कामठ्याकडच्या शेतकरीण, कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "काऊन वो बाई, काटे पोसून राहिली? साप येतीन नं!" मी तोऱ्यात म्हणे, "कणीस येऊ द्या, पहिलं पान तुमच्याच वेणीत माळते." केवडा तो उन्हाळा जगला, पुढचेही जगला. माहेरची आठवण आली की मी विहिरीवर जायची.

मग एका पावसाळ्यात त्याला फळ धरलं. अननसासारखं.

सगुणाबाई नाक लावून म्हणाल्या, "वास कायले नाही येत?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माहेरी आले तेव्हा तुला तोंडावर विचारलं. तू मानसुद्धा खाली घातली नाहीस. "वासाचा केवडा मुळासकट दुसऱ्याच्या घरी देत नाहीत. बरकत जाते." वहिनी पानं निवडत राहिली. आई, तूही सुपातून मान वर काढली नाहीस. म्हणजे तुलाही ठाऊक होतं! इतकी वर्षं मी तुमचा गोठ्यामागचा उकिरडा माहेर म्हणून शिंपत होते, आणि तुमच्या लेखी मीच दुसऱ्याची. रागानं अजून अंग जळतं.

परत आले ती कोयता घेऊनच विहिरीवर गेले. सगुणाबाईंनी हात धरला. "वासाचं काय घेऊन बसली? आमच्या बोडीची पाळ फुटते दरसाल. दे मले चार पिल्लं." त्या तळ्याच्या पाळीवर ती चारही लागली, आणि पाळ धरली.

परवा त्यांच्या लेकीची पाठवणी झाली. तिलाही एक हवं होतं. मी ओल्या गोणपाटात बांधून दिलं आणि आधीच सांगितलं, "याला वास यायचा नाही हो, पोरी."

"जगते नं पण?"

"जगतं," म्हटलं.

दादा, यंदा गौरीला बोलावू नकोस. माझ्या गौरी इथंच बसतात.