गच्चीवरची रेंज

इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही. म्हणून तिथली नर्स पेशंटसमोर टॅब धरते आणि मी बारामतीत बसून त्यांना तपासते.

त्या दुपारी स्क्रीनवर एक डाळिंब बागायतदार आबा होते. चालताना धाप लागते, एवढंच सांगायचं होतं. पण ते फवारणीपासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळं सांगत बसले. मला कडकडून भूक लागली होती. वैतागून मी म्हणाले, "आबा, रेंज गेली," आणि कॉल कापून सरळ डबा उघडला.

दहा मिनिटांनी परत कॉल लावला, तर आबांच्या मागं भिंतीऐवजी आभाळ होतं. गच्चीवर रेंज चांगली मिळते, म्हणून टॅब घेऊन ते जिना चढून गेले होते. मागून नर्स ओरडत होती, "नको म्हणलं, पर आबा ऐकत्यात कुठं!"

आबांची छाती भात्यासारखी हलत होती.

"आता दिसतंय का, डाक्टरीणबाई? आमच्याकडं रेंजचा लई तरास हाय बघा. तुमाला उगं ताटकळत ठेवलं."

मी डब्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "हो आबा, आता आली रेंज."