हौदातला विठोबा

अडचण आली की घरचा देव पाण्यात घालायचा आणि ती सुटेपर्यंत बाहेर काढायचा नाही, अशी आमच्याकडं रीत. पण शहाण्या बायका देव तांब्यात ठेवतात. मी तो हिंगोलीच्या बिजलीघराच्या हौदात टाकला! नरसीच्या जत्रेत घेतलेला पितळी विठोबा, अंगठ्याएवढा. माझी अक्कलही तेव्हा तेवढीच होती.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बिजलीघराच्या इंजिनावर आमचे हे आणि तांड्यावरचा रामसिंग, असे दोघं होते. एकानं तेलपाणी बघायचं, दुसऱ्यानं यंत्र. मालकानं नवा मॅनेजर आणला आणि त्यानं म्हणे कामाची नवी मांडणी केली! कसली मांडणी? "एक आदमी काफी है," म्हणाला आणि ह्यांना घरी बसवलं. काम दोघांचं, राबणारा रामसिंग एकटा, पगारही एकाचाच. इंजिनाच्या धडधडीनं ह्यांचे कान गेलेले. बहिऱ्याला दुसरं काम कोण देणार? माझ्या पोटात लेकरू. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मॅनेजरपेक्षा जास्त राग आला रामसिंगचा. जोडीदाराला काढलं आणि हा मुकाट राबतोय! ह्यांचा तिथं राहिलेला डबा आणायच्या निमित्तानं मी गेले आणि इंजिनाच्या पाण्याच्या हौदात देव सोडून दिला. म्हटलं, "तूच बघ आता, इथं काय चाललंय ते!" घरी कुणाला सांगितलं नाही.

पुढं एकदा रामसिंग गाळ काढायला हौदात उतरला आणि देव त्याच्या हाताला लागला. आमच्या घरी त्याच विठोबापुढचा प्रसाद त्यानं खाल्लेला, बघताच ओळखला. तसाच ओल्या धोतरानं मॅनेजरपुढं उभा राहिला. "साहेब, दोघांचं काम म्या एकटा न्हाई करत. दोघं ठेवा, न्हाईतर मीबी चाललो." त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती. पण इंजिनाला हात लावणारं तिसरं कुणी नव्हतं. मॅनेजरनं दुसऱ्याच दिवशी ह्यांना बोलावणं धाडलं.

ह्याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. ज्याला मी चुलीपुढं बसून शिव्या घालत होते, त्याच्याच मुठीतून माझा देव घरी आला. तेव्हापासून मी देवाला हात जोडते, हुकूम सोडत नाही. त्या संध्याकाळी रामसिंग दारात आला, तेव्हा मात्र मान खाली घालून नुसता पदर पुढं केला. त्यानं विठोबा पदरात ठेवला आणि म्हणाला,

"वहिनी, त्या हौदात इंजिनाचं कढत पाणी पडतंय. राग मॅनेजरचा, आन् चटके इठोबाला काहून?"