हळदीचं पान, कर्दळीचं पान

"आमच्या आईंना आता काही कळत नाही," ही बातमी मीच पसरवली होती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

लिहायला बसलेय खरी, पण कुठून सुरू करू तेच सुचत नाहीये. झाडांपासून करते.

वाशिंदला आमच्या घरामागे दोन झाडं आहेत, हळद आणि कर्दळ. दोन्ही आईंनी माहेरून, वैशाखऱ्याहून, पिशवीत घालून आणलेली.
फूल नसेल तेव्हा दोघींची पानं मला सारखीच दिसतात. लग्न होऊन आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, अजून चोळून वास घेतल्याशिवाय ओळखत नाही.

आई हसायच्या. "डोले देवानं चष्मा लावायलाच दिलेत काय गो तुला?"

कर्दळ मोरीच्या पाण्यावर वाढते. साबणाचं पाणी गेलं तरी बाईसाहेब खूश. लाल फुलं देवाला, पान प्रसादाला. तिचे कांदेपण उकडून खातात म्हणे. "लहानपनी आमी लय खाल्लेत," आई सांगायच्या. माझी काही हिंमत झाली नाही.

हळदीचे मात्र नखरे फार. ऊन हवं, पण टळटळीत नको. पाणी हवं, पण साचलेलं नको. म्हणून तिला उंच वाफा आणि वर पाचोळा.
आणि नागपंचमीच्या पातोळ्या, तांदळाच्या पिठात गूळ-खोबरं भरलेल्या, उकडायच्या त्या हळदीच्याच पानात. झाकण काढलं की वास पार रस्त्यापर्यंत.

त्या जायच्या आधीची नागपंचमी.

सणाला काही तोडायचं-चिरायचं नाही, म्हणून आई आदल्या दिवशीच पानं काढून, धुऊन ठेवायच्या. मी शाळेतून येईपर्यंत पातोळ्या मोदकपात्रात चढलेल्या होत्या. मुरबाडच्या वन्सं आल्या होत्या, सोबत त्यांच्या नवीन विहीणबाई. सगळे पाटावर बसलेले, माझी मुलगी सायली आजीच्या शेजारी.

झाकण काढलं. वासच नाही!

"आई, अहो ही कर्दळीची पानं आहेत!"

आईंनी ताटाकडे बघितलं. "चुकलं गो बाय. दिसलं नाय मला."

"वाससुद्धा आला नाही? एवढंही कळेना आता तुम्हाला?"

विहीणबाईंसमोर बोलले मी हे. चांगल्या मोठ्या आवाजात.

आईंनी तूप घालून दोन पातोळ्या खाल्ल्या. "लागतात बऱ्या," म्हणाल्या.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. दुधाचं भांडं करपलं.
मी गॅस खालून बंद करून शाळेत जायला लागले. वन्संना फोन केला, शेजारी सांगितलं, शाळेच्या स्टाफ ग्रुपवरही लिहिलं. ज्या बाईनं जन्मभर एकटीनं एसटीनं माहेर गाठलं, तिचं एकटीनं बाहेर पडणं मी बंद केलं.

डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"
"शुक्रवार. हिचा उपास हाय, म्हनून चिडलेली हाय."

डॉक्टर हसले. म्हणाले, ठीक आहेत आजी. मी घरी येऊन सांगितलं की या डॉक्टरला काही समजत नाही.

कार्तिकात एका सकाळी चहा पिता पिता आई गेल्या.

माघात हळद वाळली. पानं पिवळी पडून आडवी झाली, मला वाटलं मेलीच. हे म्हणाले, "अगं, आता काढायची असते ती."

खणलं, तर एकेक गड्डा मुठीत मावेना! एरवी आमची हळद करंगळीएवढी निघायची.

सायली घमेलं धरून उभी होती. ती एकदम रडायलाच लागली.

"आजीनं माझ्यासाठी पानं तोडली नाहीत गं."

मला कळेचना ही काय बोलतेय.

तर झालं होतं असं. सायलीनं आपलं लग्न ठरवलं होतं, टोकावड्याच्या मुलाशी. आषाढातच आजीला सांगितलं होतं. वर हेही, की माझी नोकरी पर्मनंट होईपर्यंत मम्मीला सांगू नको.

आजी म्हणाली होती, "नाय सांगत. पन तुझ्या लग्नाला हलद घरची. पान तोडलं का गड्डा बारीक ऱ्हातो. यंदा एक पान तोडाचं नाय."

"मग बोलायचं ना मला!" मी केवढ्यांदा ओरडले.

"मी सांगणारच होते त्या दिवशी. आजीनं माझा हात दाबून धरला. सुटूच दिला नाही."

कोणावर रागवू, सांगा. सायलीवर? आईंवर? की माझ्यावर, जिला घरातलं माणूस येऊन काही सांगत नाही?

आणि आमटीतलं मीठ? ते खरंच चुकून पडलं होतं का? की मीच दुसऱ्यांदा घातलं होतं? करपलेलं दूध गॅसवर ठेवलं कोणी होतं? आठवायला बसले की डोकं भणाणतं. आता विचारू कोणाला?

वर्ष सरेपर्यंत थांबलो होतो. पुढच्या महिन्यात सायलीचं लग्न आहे. हळद वाळवून, कुटून डब्यात भरून ठेवलीये. डबा उघडला की मला रडू येतं, म्हणून सायलीच उघडते.

ही पोस्ट मात्र दुसऱ्याच कारणासाठी आहे.

मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्या सगळ्यांनी वाचा. आईंचं डोकं ठिकाणावर होतं. नातीला दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्या माझं बोलणं ऐकून घेत राहिल्या.

वन्सं, तुमच्या विहीणबाई फेसबुकवर नाहीत. त्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवा.

आई, भावपूर्ण श्रद्धांजली. तुमची माफी मागायची राहिली.