न सापडलेला दगड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाच्या पुढ्यातही नाही — तिथे तर मुद्दामच नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मध्येच उठून जाणार नाही असं वाटतं.

कसालला हायवेलगत माझं गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान आहे. बांद्यापासून वैभववाडीपर्यंतची गिऱ्हाइकं येतात, आणि काच बसवावी तर मीच, असा माझा तोरा. तोरा कसला — माज होता, माजच म्हणू.

आधी काचेचं थोडं सांगायला हवं. दाराची काच तापवून झटकन थंड केलेली असते, त्यामुळे तिचं अंग कायम ताणलेलं. मधोमध बुक्की मारा, काही होत नाही. पण कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला, की संपलं. आज फुटेल, नाहीतर दोन महिन्यांनी. गाडी उन्हात उभी, आसपास चिटपाखरू नाही, आणि फटाका वाजावा तसा आवाज होऊन सगळी काच खडीसाखरेसारखी खाली. लोक म्हणतात, आपोआप फुटली. टवका कोणी पाडला, हे कोण विचारतं?

दत्ताराम नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या मागच्या दाराला शिमग्याच्या सुमारास मी काच बसवली. बसवताना खालचा कोपरा पत्र्यावर आपटला. टवका मी डोळ्यांनी पाहिला. दुसरी काच कोल्हापूरहून यायला चार दिवस लागले असते, आणि त्याला बांद्याला लग्नाला जायचं होतं. टवका रबरात झाकला जातोय ना, मग झालं — असं मनाशी म्हणून मी काम संपवलं.

मे महिन्यात ती काच फुटली. गाडी घरापुढच्या खळ्यात उभी होती, भर दुपारच्या उन्हात. त्याच सकाळी त्याच्या धाकट्या भावाची, बाबीची, बायको सुनंदा त्याच्याशी भांडली होती. तिने खळ्यात आमसुलं वाळत घातली होती आणि ह्याने गाडी नेमकी तिथेच आणून लावली. एक दिवस ह्या गाडीवर धोंडा घालीन, असं ती साऱ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली होती. बोलली होती, एवढंच.

दत्तारामने गाडी माझ्याकडे आणली. दगडानेच फुटली ना, म्हणून विचारलं. मी आत वाकून पाहिलं. सीटवर, पायाखाली, काचच काच. दगड नव्हता. तो नसणार हे मला वाकण्याआधीच ठाऊक होतं. तरी मी काय सांगितलं? दगडच, म्हणालो. झाडताना मिळाला, फेकून दिला. हे शेवटचं तर कोणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबी एकटाच आला. सुनंदा नाही म्हणतेय, म्हणाला, कालपासून जेवली नाही. मग माझ्याकडे सरळ बघून त्याने विचारलं,

"मिस्त्रीनू, खराच सांगा. धोंडो गावलो?"

त्याला 'नाही' ऐकायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. एक शब्द. जड होता का तो? मुळीच नाही.

"गावलो," मी म्हणालो.

त्याने बायकोपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. देवळात नेऊन, नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून चार माणसांसमोर तिला थोरल्या दिराची माफी मागायला लावली. तिने मागितली. घर मोडू नये म्हणून मागितली असेल, मला काय माहीत. गणपती दोन्ही भावांचा एकच. पण त्या वर्षापासून नैवेद्याच्या स्वयंपाकाला तिला हात लावू देत नाहीत. ती बाहेर बसून नारळ खवते. याला आता नऊ वर्षं झाली. मला लाज वाटते. नऊही वर्षं वाटली, आणि दुकान रोज वेळेवर उघडत राहिलो.

गेल्या महिन्यात सुनंदा दुकानात आली, मुलाच्या रिक्षाची पुढची काच तडकली म्हणून. केस पांढरे झालेत. मी चहा मागवला. जुना विषय तिनेच काढला, अगदी शांतपणे.

"माका आठवणा नाय, मिस्त्रीनू. पण तुमका गावलो म्हणजे धोंडो मीच मारलेलो आसतलो. रागात माणसाक कळणा नाय."

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. आणि मान हलवली — हो म्हणून.