ग्रीसमधल्या दगडावर ओतलेलं पाणी

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून ग्रीसला गेले ते परत आलेच नाहीत. मेल्याची तार आली. पण ना देह आला, ना अस्थी. त्यामुळे गावाने तारेवर विश्वास ठेवला नाही. 'तिकडे गोरी बायको केली असेल,' असं लोक बोलायचे. आजी कुंकू लावतच राहिली. बाप मेला की आपल्याला टाकून गेला, हे आईला पन्नाशी उलटली तरी कळलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात आम्ही आखातात, अबुधाबीकडच्या रुवैसला तेलकंपनीच्या कॉलनीत राहायचो. आई दर हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर यायची. ह्यांच्या युनिटमधला एक ग्रीक इंजिनियर आमचा शेजारी होता आणि आईच्या थालीपिठावर त्याचा भारी जीव. एकदा खाता खाता तो म्हणाला, अथेन्सला त्याच्या घराजवळ परदेशी सैनिकांचं स्मारक आहे, मोठी दफनभूमी आहे, त्यात इंडियन्सही आहेत. मी आईला सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला. मग ह्यांनी आजोबांचं नाव त्याला इंग्रजीत लिहून दिलं.

पुढच्या हिवाळ्यात आई आल्यावर तो खाली मान घालून आला. "सॉरी मॅडम. उन्हाळ्यात जाऊन सगळ्या ओळी बघितल्या. नाव कुठेच नाही."

"म्हणजे लोक बोलत होते ते खरंच," आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली. मला त्या न पाहिलेल्या आजोबांचा असा संताप आला की विचारू नका.

तो गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "तुम्ही त्याला नेमकं काय शोधायला सांगितलंत?"

"ग्रेव्ह. दुसरं काय?"

"अहो, आपल्यात कधीपासून पुरायला लागले?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. साहेबलोकांत राहून राहून माणसाला आपल्या घरची रीतही आठवेना! मी तशीच अनवाणी जाऊन शेजाऱ्याचं दार वाजवलं आणि सांगितलं, आमच्याकडे दहन करतात. दहन झालेल्यांची नावं कुठे कोरली असतील तिथे बघ.

"खलास, आता समजलं," तो तिथल्या सगळ्यांसारखा अरबी शब्द पेरत म्हणाला. "नेक्स्ट समर, इन्शाल्ला."

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो फोटो घेऊनच आला. उभा दगड, त्यावर नावांची रांग. आईला इंग्रजी येत नव्हतं. माझ्या मुलीने बोट ठेवून वाचलं, "आजी, लुक, हिअर!" तिच्या इंग्रजी उच्चारातसुद्धा ते नाव आईला बरोबर ऐकू आलं. "परत वाच," ती म्हणाली. मुलीने परत वाचलं.

मग आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा दगड ओला कसा? पाऊस होता?"

मी शेजाऱ्याला विचारलं. तो ओशाळून म्हणाला, "नो रेन. धुळीने अक्षरं दिसत नव्हती. माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं."

मी मराठीत सांगितलं आणि आईला रडू फुटलं. इतकं मोकळं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "मिळालं गं पाणी माझ्या बाबांना," ती म्हणाली. "टाकून नव्हते गेले."

तो बिचारा घाबरून उठला, आपलं काय चुकलं म्हणून. आईने डोळे पुसले, त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि तवा ठेवला. श्राद्धाचं पहिलं पान वाढावं तसं तिने त्याचं पान वाढलं, आणि त्याचं पोट भरेपर्यंत आम्हाला कुणालाही ताटाला हात लावू दिला नाही.