सगळ्या वर्गाची एकच आई

सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंची आमची ओळख संध्याकाळच्या प्रौढ वर्गात झाली. म्हातारपणी आमचा हात धरून त्यांनीच अक्षरे गिरवून घेतली. दिवसा त्या मुलांच्या वाचन-लेखनाची उजळणी घेत आणि आम्ही जमेपर्यंत त्याच खोलीत निबंध तपासत बसत.

एकदा ‘माझी आई’ या निबंधात सगळ्या वर्गाची आई मायेचा सागर निघाली. एकाच मुलीने लिहिले होते, की आई लाँड्रीत दिवसभर उभी राहून येते, आमच्यावर खेकसते आणि जेवता जेवता झोपते. बाईंनी तो निबंध पुन्हा वाचला आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, नमुना उत्तर मग काय शोभेला छापलंय? परीक्षेत असलं लिहून पोरगी आपटली, तर खापर आपल्याच डोक्यावर फुटेल.”

बाईंनी गुण खोडून निम्मे केले. पुढच्या उजळणीत त्या मुलीचीही आई मायेचा सागर झाली, आणि बाईंना तिला शाबासकी द्यावी लागली.

त्या संध्याकाळी फळ्यावर त्यांनी काहीच लिहिले नाही. आम्हाला एवढेच म्हणाल्या, “आजी, काका, चुकलं तरी चालेल, पण मला तुमच्या घरचं काहीतरी खरं लिहून द्या.”