शेवटच्या ठोक्याआधी

मला गाणं स्वच्छ लागतं. मागे कुणी खोकलेलंही खपत नाही. त्यामुळे लाइव्ह रेकॉर्डिंगच्या वाटेला मी कधी गेलो नाही, ते गृहस्थ भेटेपर्यंत.

आगाशीच्या बस थांब्यावर ते रोज दिसायचे. साठी उलटलेली, मांडीवर भाजीची पिशवी आणि पिशवीवर बोटांचा अखंड ताल. एकदा माझ्या मोबाइलवर जुनं इंग्रजी रॉक लागलं आणि तो ताल थांबला.

"हे स्टुडिओतलं," ते म्हणाले. "यात शेवटी आवाज नुसता बारीक होत जातो. आमचं ऐका."

त्यांनी आपल्या इअरफोनची एक बाजू मला दिली. ते गाणं ज्या अल्बममधलं, तो अख्खा अल्बम गावच्या सणाला चर्चच्या मैदानात त्यांच्या बँडनं वाजवला होता. कुणीतरी तो कॅसेटवर टेप केलेला, आता त्यांच्या मोबाइलवर आलेला. गिटार त्यांचीच, जरा बेसूर. गलक्यात कुणाचं तरी पोर रडत होतं. पण ड्रम असा, की माझाही पाय हलायला लागला.

"ड्रमवर माझा धाकटा भाऊ. आता नाही तो," ते म्हणाले. "मैदानात गाणं संपवावं लागतं ना! हा थांबायलाच तयार नाही. खुणा करून दमलो मी."

ड्रमचा वेग वाढत गेला. आता शेवट येणार, इतक्यात त्यांनी गाणं बंद केलं.

"अहो, शेवट राहिला की!"

"तेवढा मी ऐकत नाही," बस येताना बघून ते उठले. "पुढे तो स्टिका खाली ठेवतो."